देवकाअक्काचं लाल फडकं

लोक विचारतात, "वीज केंद्रात तुम्ही काय करायचा?" मी सांगतो, राख. एकतीस वर्षं मी राख तयार केली, वीज तिच्यासोबत निघायची. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारा गंमत करतोय. पण बॉयलरवर आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल. वीज तारेतून निघून जाते, ती आम्हाला कधी दिसलीच नाही. मागे उरते ती राख. ती नाकात असते, कानात असते, बायकोने धुऊन वाळत घातलेल्या शर्टाच्या कॉलरमध्येही असते.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोळसा रेल्वेने येतो. तो फोडायचा, मग गिरणीत दळून कणकेसारखा बारीक करायचा आणि हवेच्या जोरावर भट्टीत फुंकायचा. भट्टी म्हणजे आमचा बॉयलर, दहा-बारा मजली इमारतीएवढा. त्याच्या चारी भिंतींना पाण्याच्या नळ्या. पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरवते, चक्र वीज बनवतं. झालं. पोह्यांच्या पातेल्यावरचं झाकण वाफेने उडतं, तेच काम आम्ही जरा मोठ्या पगारावर करत होतो.

अडचण एकच. आपल्याकडच्या कोळशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा राखच. त्यातली बरीच खाली पडते, उरलेली धुराबरोबर चिमणीकडे निघते. वाटेत तिला पकडायला विजेच्या पट्ट्यांचं एक मोठं खोकं असतं. खोकं ठीक असेल तर चिमणीतून काही दिसत नाही. आमचा संच, म्हणजे बॉयलर आणि चक्राची जोडी, जुना होता आणि खोकंही जुनं. शिवाय नळ्यांवर राखेचा थर बसतो. तो पाळीत एकदा वाफेच्या झोताने उडवून द्यावा लागतो, नाहीतर नळ्या तापून फुटतात. याला पुस्तकात सूट ब्लोइंग म्हणतात, आम्ही नुसतं 'झाडणं' म्हणायचो. झाडायला घेतलं की जुन्या खोक्याला तेवढी राख झेपायची नाही, आणि अर्धा-पाऊण तास चिमणीतून करडा पट्टा निघायचा. वारा असेल तिकडे तो जायचा आणि हळूहळू खाली बसायचा.

कुठे बसतो, हे मला पहिली सहा वर्षं ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंच नव्हतं.

ते मला देवकाअक्काने दाखवलं.

चैत्रातली दुपार होती. गेटवरच्या पहारेकऱ्याचा कंट्रोल रूममध्ये फोन आला, "एक बाई आलीय, हातात ताट आहे. साहेबांना भेटल्याशिवाय जात नाही म्हणते." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सुभाषराव, तुम्ही इकडचेच ना? जा, समजूत काढा." मी इकडचा नव्हतो. मी पारोळ्याकडचा, आणि आमचं केंद्र जिल्ह्याच्या पार पूर्वेला, तापीकाठी. इथली बोली वेगळी, आमची अहिराणी वेगळी. इथे कोणी 'आहे'ला 'शे' म्हटलं तर लोक गालात हसतात. पण साहेब पुण्याचे. त्यांच्या लेखी खान्देश म्हणजे एकच गाव.

गेटवर पन्नाशीची, उंच, सडसडीत बाई उभी होती. तिने ताट माझ्या नाकापुढे धरलं.

"हाई काय शे?"

ताटात बिबडे होते. ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांनी खान्देशात पाहुणे म्हणून एकदा यावं. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, दळायची, पहाटे लसूण, तीळ, जिरं आणि मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. मग गरम पीठ ओल्या धोतरावर ओल्या हाताने पातळ थापायचं. धोतरं धाब्यावर उन्हात पसरलेली असतात. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. संध्याकाळी धोतराला मागून पाणी मारलं की बिबडा अलगद सुटून येतो. पण तोवर तो ओला, चिकट असतो. त्यावर जे पडेल ते त्याचंच होतं. पुसता येत नाही, धुता येत नाही.

ताटातले बिबडे पांढरे असायला हवे होते. ते सिमेंटच्या रंगाचे झाले होते.

"बिबडा शे, अक्का," मी म्हणालो. तोंडातून तसंच निघालं.

तिने ताट खाली केलं. "तू कथाना शे रे?"

"पारोयाना."

"मन्हं माहेर पारोयाजोडे शे." तिचा आवाज एकदम उतरला. तीस-एक वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या मुलखात आली होती. माहेरची भाषा बोलणारं तिला इथे कोणी नव्हतं. पण राग इतक्यात संपणारा नव्हता. "माहेरना माणूस, आनी मन्हा बिबडावर राख टाकस?"

मी तिला गेटाजवळच्या कडुनिंबाखाली बसवलं आणि झाडणं म्हणजे काय ते समजावलं. तिने माझं झाल्यावर एवढंच विचारलं, "बंद करस का नही?"

"बंद नही करता येत, अक्का. नळ्या फुटतीन."

"मंग कव्हय पाडस ते तरी सांग."

ही बाई कारखाना बंद करा म्हणत नव्हती. भरपाई मागत नव्हती. राख कधी पडणार एवढंच विचारत होती. आणि मला तेही सांगता येईना, कारण ते वेळापत्रक रोज बदलायचं. शेवटी तोड तिनेच काढली. "मी फडकं बांधसू. लाल फडकं दिखनं की हात आवर."

बॉयलरच्या वरच्या मजल्यावर लोखंडी जाळीचा एक सज्जा आहे. तिथून तिचं गाव हातावर ठेवल्यासारखं दिसायचं. दुसऱ्या दिवशी मी वर चढून पाहिलं. तिसऱ्या आळीतल्या एका धाब्यावर बांबूला लाल लुगड्याचा तुकडा फडफडत होता.

त्या दिवसापासून आमच्या सगळ्या पाळ्यांत एक नियम आला, जो कुठल्या नोंदवहीत नव्हता. चैत्र-वैशाखात झाडायला घेण्याआधी एकाने सज्ज्यावर जाऊन यायचं. फडकं असलं तर ऊन उतरून बिबडे उचलले जाईपर्यंत थांबायचं. तीन-चार तास झाडणं पुढे ढकललं तर बॉयलर कुरकुरतो, मरत नाही. माझा जोडीदार गफ्फारभाई भट्टीवरचा फायरमन. त्याच्या घरात दोन पिढ्या रेल्वेच्या. तो वरून ओरडायचा, "सुभाषभाऊ, सिग्नल लाल है! गाडी रोको!" आणि नंतर, "लाइन क्लिअर, बुढिया ने बिबडे उठा लिये." बुढिया तेव्हा त्याच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेल.

गफ्फारभाईबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. कोळशाच्या वाघिणीत जे जे यायचं ते तो साठवायचा. कुदळी, बूट, एकदा अख्खा पितळी डाव. दगड तर इतके यायचे, की तो म्हणायचा, सरकारने आपल्याला डोंगर हप्त्याहप्त्याने पाठवायला घेतलाय. भट्टीला निळ्या काचेचा एक छोटा झरोका असतो, त्यातून ज्वाळेचा रंग बघतात. कोळसा चांगला आहे की वाईट ते कागद यायच्या आधी गफ्फारभाई त्या काचेतून सांगायचा. मला त्याने ते शिकवलं. नोकरीत मी जे शिकलो त्यातली ती सगळ्यात सुंदर गोष्ट. ज्वाळेचा तो रंग मला अजून आवडतो, लपवत नाही.

आखाजी आली की देवकाअक्का मला घरी बोलवायची. अक्षय तृतीयेला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्काचे आईवडील कधीच गेलेले, सख्खा भाऊ नाही. म्हणून माहेरच तिच्याकडे यायचं, म्हणजे मी. ती खापरावरची पुरणपोळी वाढायची आणि निघताना बिबड्यांचा डबा हातात द्यायची. माझी बायको सुनंदा नाशिकची. तिने पहिल्या वर्षी तोंड वाकडं केलं. तिसऱ्या वर्षी डबा तिच्या हाताला लागणार नाही अशा जागी मला लपवावा लागला.

अशी सात-आठ वर्षं गेली. एकदाही लाल फडक्यावर राख पडली नाही. मला याचा फार अभिमान होता. माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी काय लिहिलंय याची मला कधी पर्वा वाटली नाही, पण या गोष्टीची वाटायची.

मग ते वर्ष आलं. अक्काच्या मुलीचं, कल्पनाचं, लग्न ठरलं होतं चाळीसगावच्या मुलाशी, आखाजीच्या चार दिवसांनी, मांडव अक्काच्याच दारात. नवऱ्या मुलीच्या रुखवतात बिबड्यांचं मोठं टोपलं हवंच, आणि ते आईच्या हातचं. अक्काने आळीतल्या बायका बोलावून एकाच दिवशी सगळं करायचं ठरवलं होतं. मला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्या दिन ध्यान ठेव, भाऊ. पोरनं लगीन शे."

मी ध्यान ठेवलं होतं. त्या दिवशी पाळी सुरू झाल्याबरोबर वर जाऊन आलो. अक्काच्या धाब्यावर, शेजारच्या दोन धाब्यांवर पांढरी धोतरंच धोतरं, आणि मध्ये लाल फडकं.

अकराच्या सुमाराला दूरच्या एका केंद्रातला मोठा संच एकाएकी बंद पडला. सगळ्या राज्याच्या तारा एकमेकींना बांधलेल्या असतात. एक खांदा निघाला की बाकीच्यांवर ओझं येतं. भार वाटून देणाऱ्या कचेरीतून फोन आला, "पूर्ण भार धरून ठेवा. एक मेगावॉटसुद्धा कमी करायचा नाही." त्यात त्या आठवड्याचा कोळसा भिकार होता. नळ्यांवर थर चढत होता आणि वाफेचं तापमान काट्यावर माझ्या डोळ्यांदेखत सरकत होतं.

मी साहेबांकडे गेलो. "साहेब, चार वाजेपर्यंत भार थोडा उतरवू द्या. चारला झाडतो, मग हवा तेवढा देतो."

"काय कारण लिहू?"

 'एका बाईचे बिबडे वाळत आहेत' हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं असतं?

साहेब वाईट नव्हते. त्यांनी फोन करून पाहिलाही. उत्तर आलं, भार उतरवाल तर कुठल्यातरी तालुक्याचा पुरवठा तोडावा लागेल, वैशाखातलं ऊन आहे, दवाखाने आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत. आणि न झाडता असंच चालू ठेवलं तर नळी फुटणार, संच आठ दिवस बंद. साहेब म्हणाले, "सुभाषराव, झाडायला घ्या."

मी गफ्फारभाईला म्हणालो, "सायकल काढ. अक्काला सांग, पंधरा मिनिटं आहेत." मोबाइल तेव्हा फक्त साहेबांकडे होता. गफ्फारभाई, पन्नाशीचा गडी, भर उन्हात सायकल हाणत गेला. मी काट्यासमोर उभा राहिलो. पंधराची वीस मिनिटं केली. त्यापुढे काट्याने माझं ऐकलं नाही. मी बटण दाबलं.

मग माझं काम नसतानाही सज्ज्यावर गेलो. न जाताही चाललं असतं. पण मला वाटलं, आपण केलंय तर आपण बघायला पाहिजे. बायका धाब्यावर धावत होत्या. ओला बिबडा झाकता येत नाही, घडी घालता येत नाही. दोघी-दोघी धोतराची टोकं धरून ते ताणून, तसंच आडवं जिन्यावरून खाली न्यायला बघत होत्या. काही गेली. करडा पट्टा त्यांच्या डोक्यावर आला. लाल फडकं शेवटपर्यंत उभं होतं, ते काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी तिथे लोखंडी कठडा धरून रडलो. आजवर हे फक्त गफ्फारभाईला माहीत होतं.

पाळी संपल्यावर मी तिच्या घरी गेलो. अक्का ओसरीवर बसून बिबडे वेगळे करत होती, पांढरे इकडे, करडे तिकडे. करड्यांचा ढीग मोठा होता. मी खाली मान घालून उभा राहिलो.

"बठ," ती म्हणाली. आणखी एक बिबडा करड्यांत टाकत तिने विचारलं, "लाईट गई का कोठे?"

"नही, अक्का. बठ्ठीकडे चालू ऱ्हायनी." म्हणजे सगळीकडे चालू राहिली.

"आमनी त सकायपाईन नही."

तिने ते टोचून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. मी वर पाहिलं, ओसरीतला पंखा थांबलेला होता. तिच्या धाब्यावरून आमच्या मोठ्या तारा जात होत्या, आणि गावचा पुरवठा सकाळपासून बंद होता. ज्यांच्यासाठी तो भार धरून ठेवला होता ते कुठेतरी लांब होते. तिथे दवाखाने असतील, पाण्याच्या टाक्या असतील, ते खरंच असेल. पण राख इथे होती, आणि उजेड इथे नव्हता. विजेच्या धंद्यातली ही गोष्ट मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवली गेली नव्हती. त्या ओसरीवर मला ती कळली आणि लाज वाटली.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. तिने कपाटामागून डबा काढला. मी लपवलेली जागा तिला पहिल्यापासून माहीत होती. मागच्या आखाजीचे बिबडे त्यात अर्ध्याहून जास्त उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः अक्काच्या घरी डबा घेऊन गेली. अक्काचेच बिबडे अक्काला. असे गावातून, माहेरवाशिणींच्या घरांतून अक्काने वाटलेले डबे परत आले आणि कल्पनाचं टोपलं भरलं. लग्नात अक्काने मला मामा म्हणून उभं केलं. अंतरपाटामागे कल्पनाच्या पाठीशी मी उभा होतो. मंगलाष्टकं चालू असताना माझं लक्ष सारखं चिमणीकडे जात होतं.

त्यानंतर पुन्हा कधी फडक्यावर राख पडली नाही. पण मी ती आकडेमोड करणं सोडून दिलं.

पुढे अक्काला खोकला लागला. शेवटची दोन वर्षं ती बिबडे थापायला बसायची नाही, खाटेवरून सुनांना सूचना द्यायची. ती गेली तेव्हा मी माती द्यायला गेलो होतो. खोकला चुलीच्या धुराचा होता की माझ्या चिमणीचा, हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

आमचा जुना संच मी निवृत्त झालो त्याच वर्षी कायमचा बंद झाला. शेवटच्या दिवशी गफ्फारभाई नातवाचा हात धरून आला होता. निळ्या काचेतून आम्ही आळीपाळीने ज्वाळ विझताना पाहिली. तो म्हणाला, "बहुत राख खाया, लेकिन उजाला भी दिया ना, भाई?" मी हो म्हणालो. दोन्ही खरं आहे. पलीकडचे नवे संच चालू आहेत, त्यांचं खोकं चांगलं आहे. माझा भाचा दोंडाईचाकडे सौर पट्ट्या बसवण्याच्या कामावर आहे. तो मला चिडवतो, "मामा, तुमचा जमाना गेला." मी म्हणतो, बाबा, जाऊ दे, मला आनंदच आहे. पण दिवस बुडाल्यावर तुझ्या घरातला पंखा कोण फिरवतं, ते एकदा बघ. तो बघतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. मग मला त्याचंच वाईट वाटतं.

मी आता पारोळ्याला राहतो. अक्का गेल्यानंतर त्या गावाला जाणं जमलं नाही, की मीच टाळलं. यंदा चैत्रात पेन्शनच्या कागदासाठी केंद्रावर जावं लागलं. काम लवकर झालं, आणि पाय आपोआप गावाकडे वळले.

धाबं जाऊन तिथे स्लॅब आलाय. घरात नातसून एकटी होती, बाकीचे शेतात. नवी मुलगी, लग्नाला वर्षही झालं नसेल. मी म्हणालो, "मी अक्कांच्या माहेरचा." तेवढं पुरलं. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "मामा, वरतीच या. बिबडे टाकलेत, कावळे येतात."

मी जिना चढलो. स्लॅबवर पांढरी धोतरं पसरली होती. कठड्याला काठी बांधलेली, आणि काठीला लाल फडकं.

मी विचारलं, "हे कशासाठी?"

"आजेसासूबाईंची रीत आहे ना. घरात सगळे सांगतात. बिबडे टाकायच्या दिवशी लाल फडकं बांधायचं, म्हणजे वरून कोणीतरी लक्ष ठेवतं, मग बिबड्यांवर काही पडत नाही." ती हसली. "आजी म्हणायच्या म्हणे, इतक्या वर्षांत एकदाच पडलं. त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं."

समोर आमची जुनी चिमणी होती. तिचा धूर बंद होऊन चार वर्षं झालीत. सज्जाही दिसत होता, रिकामा. अक्काला सगळं माहीत होतं. गफ्फारभाईने तिला निरोप दिला होता, मी तिच्या ओसरीवर उभा राहिलो होतो. तरी घरच्यांना सांगताना तिने माझं लक्ष नव्हतं असं सांगितलं होतं; बटण मी जाणूनबुजून दाबलं, हे तिने झाकून ठेवलं होतं.

"लक्ष होतं, बाळ," मी म्हणालो. "त्या दिवशीही होतं."

तिला काही कळलं नसावं. खाली दूध उतू चाललं होतं. तिने कावळे हाकायची काठी माझ्या हातात दिली आणि धावत गेली. मी फडक्याच्या सावलीत खुर्ची ओढली आणि ऊन उतरून शेवटचा बिबडा सुटेपर्यंत तिथून हललो नाही.